दादाने घोटलेला तळ

पोहण्याच्या तलावांचं पाणी राखण्यात त्यांची सगळी हयात गेली, म्हणून लोक त्यांना पाणीमास्तर म्हणत. सकाळी सहाला पहिल्या तलावाच्या काठावर उकिडवं बसायचं, बाटलीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघून निदान सांगायचं. "आज जरा आंबट झालंय," नाहीतर "आज बाईसाहेब खूश आहेत." लोक हसायचे. पण पाणी आंबट झालं की ते तलावाचा गिलावा खायला लागतं, हे मास्तरांइतकं कुणाला कळत नव्हतं.

या कामाला त्यांना लावलं ते थोरल्या भावाने. दादा तलावांना आतून पांढऱ्या सिमेंटचा गिलावा करायचा. ओल्या गिलाव्यावर खिळ्यांचे बूट घालून चालायचा, मागे सरकत सरकत थापीने घोटत यायचा, आणि वर चढून आला की तळावर त्याचा एकही ठसा राहिलेला नसायचा. त्याच्या तळावरून अंडं घरंगळत नेलं तरी फुटायचं नाही, असं त्याचे मजूर म्हणायचे. दादा तलाव बांधून द्यायचा आणि मालकाला सांगायचा, "आता पाण्याचं माझ्या धाकट्याला विचारा." दोघांचं असं जोडीने चाललं होतं.

मग शाळेचा तलाव आला. पंचवीस मीटरचा, दादाच्या हातचा सगळ्यात मोठा. गिलावा झाला त्या दिवशी दादाने मास्तरांना काठावर उभं करून सगळं समजावलं. एकदा पाणी सोडलं की काठोकाठ भरेपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर मध्येच रेघ उमटते आणि ती जन्मात जात नाही. महिनाभर दिवसातून दोनदा ब्रशने तळ घासायचा. पहिले काही दिवस क्लोरीन टाकायचं नाही. आणि पाणी कुठलंही असो, आधी तपासायचं. "नवा गिलावा तान्ह्या पोरासारखा असतो," दादा म्हणाला. "जे समोर येईल ते तोंडात घालतो."

दुसऱ्या दिवशी दादा दुसऱ्या कामावर गेला. इकडे तलाव छातीपर्यंत भरला आणि नळाचं पाणी गेलं. चार दिवसांवर उद्घाटन होतं. रेघ पडेल या धास्तीने मास्तरांनी टँकर मागवले. टँकरवाला म्हणाला, "बोअरचं आहे, पण काचेसारखं आहे." खरंच तसं दिसत होतं. तपासायची पेटी स्कूटरच्या डिकीत होती. स्कूटर फाटकाबाहेर, चालत दोन मिनिटांवर. मास्तर गेले नाहीत. उलट उद्घाटनाला पाणी चमकावं म्हणून संध्याकाळी त्यांनी क्लोरीनचा भरपूर डोस टाकला.

सकाळी तलावात चहा ओतल्यासारखं पाणी होतं. दोन दिवस फिल्टर चालवून ते निवळलं, तेव्हा तळ दिसला. उथळ बाजूच्या उतारावर तपकिरी डाग पसरले होते, जुन्या गादीवर पडतात तसे.

मुख्याध्यापकांनी दोघा भावांना ऑफिसात बोलावलं. तिथे तलावाच्या समितीचे तिघं बसले होते. "हे कशाने झालं?" त्यांनी मास्तरांनाच विचारलं, कारण पाण्यातलं त्यांना कळतं असं सगळ्यांना माहीत होतं.

टँकरचं नाव मास्तरांच्या ओठावर आलं होतं. पण चार तलावांचं काम त्याच समितीच्या ओळखीने मिळालं होतं. ते टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "गिलाव्यातच काहीतरी असेल. आतली सळई वर आली असेल, गंज फुटतोय."

दादाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. समितीतल्या एकाने दादाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"पाण्यातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं," दादा म्हणाला. एवढंच.

शाळेने दुसरा माणूस आणून तळ ॲसिडने धुऊन घेतला. डाग गेले, पण त्याबरोबर घोटाईचा वरचा तुळतुळीत थरही गेला. तळ खरखरीत झाला, मुलांचे तळवे सोलवटायला लागले, आणि बोल लागला तो दादालाच. गावभर झालं की याच्या गिलाव्यातून गंज येतो. वर्षभरात कामं आटली. दादाने मजुरांना दुसरीकडे लावून दिलं आणि एका फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला उभा राहिला. मास्तर घरी गेले की वहिनी चहा ठेवायची, दादा हवापाण्याचं बोलायचा. कामाचं कुणीच काढत नसे. मास्तर स्वतःची समजूत घालत, की खरोखर सळईच असेल. कुणी फोडून पाहिलंय?

नऊ वर्षं अशी गेली. मग एका हॉटेलच्या तलावात पायऱ्यांजवळ मास्तरांना तसेच डाग दिसले. पाण्याची औषधं विकणाऱ्या बाई त्या दिवशी माल घेऊन आल्या होत्या. मास्तर म्हणाले, "सळई गंजली वाटतं."

"आधी बघू तर द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या काढल्या, सर्दीला घेतात त्याच. पायरीवर गुडघे टेकून एक गोळी डागावर दाबून धरली आणि मिनिटभराने उचलली. डागाच्या मधोमध रुपयाएवढा पांढराशुभ्र गोल उमटला होता.

"लोखंड आहे, पण पाण्यातून येऊन वर बसलेलं," त्या म्हणाल्या. "पानापाचोळ्याचा डाग असता तर या गोळीने हलला नसता, त्याला क्लोरीन लागतं. आणि आतली सळई असती तर पुसला तरी तिथेच परत फुटला असता. बोअरच्या पाण्यात लोखंड असतं, क्लोरीन पडलं की ते गंजून तळावर बसतं. बोअरचं पाणी भरलं होतं का हो?"

मास्तरांनी मान हलवली. हॉटेलवाल्यांनी खरंच भरलं होतं. पण ते बघत होते तो गोल, आणि त्यांना दिसत होता शाळेचा उतार. एक गोळी. एक मिनिट. ॲसिडची गरज नव्हती, ऑफिसातल्या बैठकीची नव्हती. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही त्यांना उरली नाही, कारण गोळीचं माहीत नसलं तरी टँकरचं तर माहीत होतं.

त्याच दुपारी ते दादाकडे गेले. दादा दुकानातून येऊन पलंगावर पाय लांब करून बसला होता, वहिनी त्याच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. मास्तरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टँकर, क्लोरीन, स्कूटरच्या डिकीतली पेटी.

वहिनीचा हात थांबला.

"मला माहीत होतं," दादा म्हणाला. "बैठकीच्या आधी मी तलावावर जाऊन आलो होतो. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खिळा चोखल्यासारखी चव होती."

"मग तिथे बोलला का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं होतं," दादा म्हणाला. "आधी महिनाभर वाट पाहिली. मग सवय झाली."

वहिनी उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, चहा काही आला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

मास्तरांनी शाळेला पत्र लिहिलं. मुख्याध्यापक बदललेले होते, समितीतला एकही जण उरला नव्हता, आणि तलावाला तीन वर्षांपूर्वीच फरशा बसवल्या होत्या. तरी त्यांनी दोन पानं लिहून स्वतः नेऊन दिली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: पत्राची नोंद घेण्यात आली आहे. ते घेऊन मास्तर दादाकडे गेले. दादाने चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि वहिनीला दिलं. तिने ते कपाटात साड्यांखाली ठेवलं.

मास्तरांनी दोन मालकांना सांगून दादासाठी कामंही आणली. दादा नाही म्हणाला नाही, त्याने नुसते गुडघे दाखवले. उकिडवं बसून घोटाई करण्याचं त्याचं वय आता निघून गेलं होतं, आणि ते कुठे गेलं हे दोघांनाही माहीत होतं.

रविवारी मास्तर अजून जातात. वहिनी दार उघडते, "या भावजी" म्हणते, खुर्ची पुढे करते. चहा मात्र ठेवत नाही. दादा हवापाण्याचं बोलतो.