बंदेनवाज हाफिजसाबांना मिळालेला लुकमा

बंदेनवाज हाफिजसाबांसारखा कडक उस्ताद अख्ख्या पाच्छा पेठेत झाला नाही, आणि पुन्हा होऊही नये! चाळीस वर्षं त्यांनी पोरांकडून कुराण पाठ करून घेऊन हाफिज घडवले. रोज आधी एका जुन्या अरबी किताबेतला धडा वाचायचे: ज्याच्या गळ्यात कुराण आहे त्याचा स्वभावही तसाच हवा, दुसऱ्याची चूक झाकावी, चारचौघांत उघडी पाडू नये. किताब मिटली की छडी उचलायचे.

त्यांच्या हाताखालच्या लाडलेमशाकची तर त्यांनी पार शोभा केली होती. वीस वर्षांपूर्वी, कुराण पाठ झाल्याची पगडी बांधायच्या दिवशी, तो एका आयतीला, कुराणातल्या एका ओळीला, अडखळला. पडद्यामागं त्याची आई पेढे घेऊन बसलेली. "मागावर जा, मागावर! तुझ्या गळ्यात टिकायचं न्हाय हे," म्हणत हाफिजसाबांनी पगडी परत पेटीत ठेवली. तो खरंच मागावर गेला. चादरी विणता विणता, त्या खडखडाटात, त्यानं एकट्यानं सगळं कुराण पक्कं केलं.

आता सत्तरी ओलांडलेले हाफिजसाब विसरायला लागले होते. रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजीत पुढं उभं राहून अख्खं कुराण तोंडपाठ म्हणायचं काम त्यांचंच. "यंदा तरावीहच्या नमाजीत अडलात, तर पुढच्या रमजानला दुसरा हाफिज आणू," मशिदीच्या कमिटीनं तोंडावर सांगितलं. पढवणारा अडला की मागून पुढचा शब्द सुचवतात, त्याला लुकमा म्हणतात. त्या कामाला यंदा नेमका लाडलेमशाक उभा. हाफिजसाबांचं धाबंच दणाणलं. हा आता उट्टं काढणार!

शेवटच्या रात्री ते अडलेच. तीच आयत एकदा, दोनदा, तीनदा. पुढं कोरी पाटी. दरदरून घाम फुटला. आणि मागून शब्द आला, जेमतेम त्यांच्या कानांपुरता.

नमाज संपल्यावर कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, जवळ आले. "हाफिजसाब, तीनदा तीच आयत? अडला व्हता की काय?"

खरं सांगायचं मनात होतं हो! जीभ मात्र भलतंच बोलली. "मी कशाला अडतोय? ह्यानं चुकीचा लुकमा दिला. मागावरचा माणूस, ह्याला काय कळतंय! पुन्हा माझ्यामागं उभा करू नका ह्याला."

सगळ्यांनी वळून लाडलेमशाककडं बघितलं. काही जण हसले. दारापाशी जाऊन त्यानं उस्तादांच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि चालू पडला.

सदरांनी हाफिजसाबांना हार घातला. पुढच्या रमजानचंही पक्कं झालं.

हाफिजसाबांनी दारापाशी सरळ करून ठेवलेल्या चपलांकडं बघितलं. किताबेतला धडा इतक्या पोरांतनं ह्या एकालाच लागला होता. लाडलेमशाकला परत हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. पण सदर अजून शेजारीच उभे होते.