भुऱ्याची आधीची सुई

हसायचं तर आत्ताच हसून घ्या बायांनो! त्या दिवशी मुरबाडात मी जे करून बसले, ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं. मी! जी कुणाच्या बापाला भ्यायली नाय!

आमच्या भुऱ्याच्या मागच्या पायावरून दुधाचा टेम्पो गेला. सिद्धगडाच्या पायथ्याला आमचं घर, बिबट्या आला की सांगणारा हाच एक कुत्रा. मी नि सून रंजनानं त्याला गोधडीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेला.

निघताना शेजारचे तुकाभाऊ म्हणालेच, "वहिनी, पाय मोडलेल्या कुत्र्याला सुई देऊन कायमचा झोपवतात हो!"

हे शब्द डोक्यात घेऊनच मी एसटीत चढले!

डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलंय, आत सळी घालू. उपाशी आहे ना?" आणि सुई भरली.

"ही कसली?"

"जखमेत पू होऊ नये म्हणून. अर्ध्या तासानं ऑपरेशन."

अहो, जखम कुठाय? कातडी शाबूत, ताप नाय. रोगाच्या आधी औषध? पोराच्या पुस्तकावरून एकटीनं वाचायला शिकलेली बाई मी, मला फसवता? बाटली उचलली, तर सगळं इंग्रजी! तोवर सुई टोचून डॉक्टर हात धुवायला आत गेलेसुद्धा.

"रंजना, विष दिलं गो! उचल त्याला!"

"आई, काय बोलता?"

"मरायचं तर आपल्या अंगणात मरू दे!"

एसटी स्टँड गाठला. भुऱ्याचं डोकं मांडीवर. दर मिनिटाला नाकाशी हात, श्वास आहे का? त्यानं डोळे मिटले की मी किंचाळते! आख्खा स्टँड गोळा झाला. शेवटचा घास म्हणून बिस्किटांचा पुडा फोडला. मरणाऱ्या जीवानं पुडा संपवून कागदसुद्धा चाटला!

एवढ्यात धापा टाकत डॉक्टर आले. "आजी, भाताच्या बियाण्याला पेरायच्या आधी औषध का चोळता?"

"रोग पडू नये म्हणून."

"तेव्हा बी आजारी असतं? तशीच ही सुई, पाय चिरायच्या आधीची."

मी भुऱ्याला उचलून उठले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं!

"चला, अजून वेळ आहे... ह्याच्या तोंडाला हा चुरा कसला?"

"बिस्किटं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "भरल्या पोटी भूल दिली असती, तर उलटी छातीत जाऊन खरंच मेला असता! मी नाही आजी, तुम्हीच मारत होता त्याला."

तिथंच मी कान धरले हो!

दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी पोट, पुन्हा तीच सुई. मी धरायला पुढे झाले, तर डॉक्टर रंजनाला म्हणाले, "कुत्रा शहाणा आहे, बसेल नीट. तुम्ही आजींना धरा!"

भुऱ्या दोन महिन्यांत चारी पायांवर पळू लागला. रंजना मात्र अजून दवाखाना दिसला की आधी माझा दंड धरते!