पुन्हा जुळल्यावर

शुक्रवारी ऑफिसात स्क्रीनवर संपर्काचा दिवा हिरवा होता, तरी आमचा प्रोग्राम हलवलेल्या सर्व्हरच्या जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. पत्ते कळवणाऱ्या यंत्रणेशी त्याचा संपर्क मध्येच तुटून पुन्हा जुळला होता. पण जुळल्यावर ‘बदल झाला की मला कळवत जा’ हे नव्यानं सांगावं लागतं. ती ओळ लिहायलाच मी विसरलो होतो. लिहिली, काम भागलं.

दादाचा नि माझा अबोला सुटून वर्ष झालं. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेलो, तर दार अनोळखी बाईंनी उघडलं.

“ते होळीलाच दुसरीकडे राहायला गेले की!”

रविवारी त्याचा नेहमीसारखा फोन आला. “बरं आहे ना?”

ती ओळ जिभेवर येईना. म्हटलं, “बरं आहे.”