आंधळीचा मुरंबा

दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणाल तर आम्ही सेपं तोडली. सफरचंदाले आमच्याकडं सेपच म्हणतात. गरम हवेत येणारं झाड म्हणून रिसोडच्या बाजारातून रोप मी आणलं होतं, अन् लावून विसरलो होतो. वाढवलं तिनं. माझ्या बायकोचे दोन्ही डोळे काचबिंदूनं चाळिशीतच गेले. झाडाले पाणी पाहिजे का नाही, ते ती मातीत बोट खुपसून पाहायची.

तोडायची तिची एक रीत होती. फळ तळहातावर घ्यायचं अन् हलकंच वर उचलायचं. देठ आपोआप सुटला तर पिकलं, नाहीतर राहू द्यायचं. मी डोळ्यानं पाहून तोडायचो अन् चुकायचो, कारण आमच्या इकडचं सेप पिकलं तरी हिरवंच राहते. त्या दिवशीही मी ओरबाडलेलं एक तिच्या हाती लागलं.

"हे कच्चं हाय. डोये हायत का बटना?"

"तूच तोड मंग. मले ऊन लागून राह्यलं."

ऊन उतरल्यावर ती ओसरीत विळी घेऊन बसली. फोडी करायची अन् प्रत्येक फोडीवरून अंगठा फिरवायची. मऊ लागलं, भोक लागलं, की तेवढं कापून फेकायची. फोडी रातभर साखरेत ठेवायच्या अन् सकाळी पाक करायचा. पाक झाला का, ते ती कानानं ओळखायची. म्हणायची, बुडबुड्याचा आवाज जाड होते.

कापता कापता ती बोलू लागली, यंदा कोणाले बरणी द्यायची. शेजारच्या वयनीले एक, गिरणीवालीले एक, केनवडच्या नणंदेले दोन. माझं डोकं उन्हानं दुखत होतं.

"कायले बरण्या वाटतं वं?" मी म्हटलं. "कोनी खात नाई तुहा मुरंबा. शेजारची वयनी म्हशीच्या टोपल्यात ओतते. मीनं सोता पाह्यलं."

विळी थांबली. "कवापासून?"

"पयल्या सालापासून."

"काहून?"

"आंधळीच्या हातचा म्हनून. अळ्या असतीन म्हनते."

एवढं सांगितलं. अळ्यांची गोष्ट मीच काढली होती, हे नाही सांगितलं. पहिल्या वर्षी चार माणसं आमच्या ओट्यावर बसली होती, तिनं आतून मुरंब्याची वाटी पाठवली, अन् मी म्हटलं, "पाहून खा गा, आंधळीचा हाय, अळीसकट उकळला असन." माणसं हसली. मलेही बरं वाटलं. ती गोष्ट गावभर फिरली. मग चारचौघांत मी मुरंब्याले हात लावणं सोडलं, नाहीतर माझाच शब्द खोटा पडला असता. घरात मात्र रोज पोळीसंग खायचो.

ती रडली-बिडली नाही. उरलेल्या फोडी केल्या. अंगठा फिरवायले आधीपेक्षा जास्त वेळ लावला. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, साखर घातली, वर झाकण ठेवलं. जेवली नाही. "मले भूक नाई," एवढंच.

सकाळी उठवायले गेलो तर थंड होती. डॉक्टर म्हणाला, झोपेत हृदय बंद पडलं. लोकं म्हणाले, नशीबवान, सवाशीण गेली. डोळे गेल्यापासून जिले हळदीकुंकवाले कोणी बोलावलं नाही, तिच्या मढ्याले मळवट भरायले गावातल्या बाया रांगेनं आल्या.

दुपारपर्यंत जाळून आलो. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी कडू घास आणतात. शेजारची वयनी पिठलं-भाकर घेऊन आली. माझ्या बायकोच्या हातचं जिले चालत नव्हतं, तिच्या हातचं मी खाल्लं. भूक लागली होती. जाता जाता तिनं गंजाचं झाकण उघडून पाहिलं.

"भाऊजी, हे उकिरड्यावर टाका. मेलेल्या बाईचा हात लागला याले."

"राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली. मयतीसाठी मेडशीहून आलेली माझी पोरगी ओरडली, "बाबा, सुतकात चूल नाई पेटवत!" मी ऐकलं नाही. गंज चढवला अन् आवाज ऐकत बसलो. मले सगळा आवाज सारखाच वाटे. बुडाले लागलं, तेव्हा वासानं कळलं.

तो गंज फडक्यात धरून वयनीच्या ओट्यावर जाऊन बसलो. नळ आला होता, बाया पाणी भरत होत्या.

"भाऊजी, सुतकातलं इथं कायले आणलं?"

"तुमाले देत नाई. पाहा फक्त."

हातानं खाऊ लागलो. बोटं पोळली. एक म्हातारी म्हणाली, "बुढा येडा झाला वं."

"अळ्याची गोष्ट मीनं काढली व्हती," मी म्हटलं. "खोटी व्हती. तिच्या हातून एक अळी सुटत नव्हती."

वयनीनं कळशी खाली ठेवली. "आता सांगता? आमाले काय मालूम, भाऊजी? घरचाच मानूस बोलला, आमी खरं मानलं."

तिचं काही चुकलं नव्हतं. पाक कच्चा होता, बूड करपलं होतं. कोणी थांबवलं नाही, कोणी घासभर मागितलंही नाही. अर्धा गंज झाल्यावर ओकारी आली. गिळली, अन् पुन्हा हात घातला.