भिंतीला टेकवलेली पेडलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, एवढंच. पण तुम्ही तरी पोटात ठेवाल कशावरून? बघा — सुरुवातच अशी झाली. माझा स्वभावच शंकेखोर.

नोकरीही तशीच मिळाली. सावंगीला मुलींच्या एका वसतिगृहात मी नोंदवही सांभाळते. कोण किती वाजता बाहेर गेली, कुणाबरोबर, परत यायला उशीर का — हे विचारण्याचाच मला पगार मिळतो. बारा ते सहा. घरी हेच प्रश्न मी फुकट विचारायची.

आमचे मिस्टर, सुधाकर, टुरिस्ट गाडी चालवायचे. वर्धा ते नागपूर विमानतळ, कधी दोन खेपा, कधी मुक्काम. परत यायचे तेव्हा अंगाला साबणाचा वास. धुळीनं अंग चिकट होतं म्हणून स्टँडवरच अंघोळ करतो, म्हणायचे. असेलही. पण घरी मोरी असताना? एकदा मागच्या सीटखाली मोरपंखी रंगाची केसांची क्लिप सापडली. सवारीची असेल, म्हणाले. भाड्याची गाडी, त्यात बायका बसणारच, हे मलाही कळत होतं. तरी ती क्लिप मी तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवली. अजून आहे. दहा वर्षांच्या तपासात हाती लागलेला पुरावा एवढाच.

मग बुटीबोरीजवळ टायर बदलताना मागून ट्रकनं धडक दिली आणि त्यांचा उजवा पाय मोडला. कित्येक महिने घरात. पाय जुळला, पण ब्रेक दाबताना त्यांचा स्वतःवरच भरवसा राहिला नाही. तेव्हा त्यांचा मित्र विनोदभाऊ — मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं — स्वतःचा खेळाचा सेट घेऊन आला. गाड्यांच्या शर्यतीचा. टेबलाला आवळायचं स्टेअरिंग, खाली तीन पेडलं, एक जुना लॅपटॉप. पायाला व्यायाम होईल, म्हणाला. त्या खेळात ब्रेक दाबला की एक लाल पट्टी वर चढते. मिस्टरांनी स्वतःच स्वतःची परीक्षा ठरवली — पट्टी टोकापर्यंत भरली की गाडीच्या मालकाला भेटायचं आणि गाडीवर जायचं. गाडीशिवाय हा माणूस घरात कोमेजून चालला होता, ते मला दिसत होतं.

पट्टी अर्ध्यावर थांबायची. रोज.

आधी सगळ्यांनी पेडलांवरच संशय घेतला. विनोदभाऊनं वायर बदलली. पेडलं उघडून आतली धूळ ब्रशनं काढली. खालून घसरतात म्हणून पोतं अंथरलं. शेवटी दुकानात नेऊन लावली, तर तिथे पट्टी टोकापर्यंत भरली. घरी आणली की पुन्हा अर्धी. मग दोष कुणाचा उरला? मिस्टरांनी डावा पाय लावून बघितला असता तर एका मिनिटात कळलं असतं. पण वीस वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर ब्रेकवर डावा पाय ठेवत नसतो. तो क्लचचा.

"मायाच पायात दम नाई राह्यला," ते म्हणाले. "अर्ध्या ब्रेकवर सवारीले घेऊन फिरू काय?"

तोपर्यंत खरा दोष मलाही ठाऊक नव्हता, हे खरं आहे. पण तेवढंच खरं आहे.

एके दिवशी मला ताप भरला. फरशी पुसायला उठलेच नाही. त्या सकाळी पट्टी टोकाला गेली. एकदा नाही, चार वेळा. मी पांघरुणातून त्यांचा चेहरा पाहिला. लग्नात ते असे हसले होते की नाही, आठवत नाही. लगेच विनोदभाऊला फोन, सोमवारी मालकाला भेटतो म्हणून.

आणि मी? मी पडल्या पडल्या विचार करत होते — आज वेगळं काय झालं? चोर शोधायची सवय ना. वेगळं एवढंच, की मी फरशी पुसली नव्हती.

रोज मी काय करायची, ते सांगते. रात्री बंद केलेलं बोर्डाचं बटन सकाळी उठल्यावर ते चालू करायचे, तेव्हा पेडलं खालीच असायची. ओल्या फरशीत करंट लागेल म्हणून मी आधी ते बटन बंद करायची. पेडलं उचलून भिंतीशी उभी करायची, तोंड भिंतीकडे, म्हणजे ती अर्धी दाबलेलीच राहायची. पुसून झालं की फरशी वाळवायला टेबलफॅन हवा म्हणून बटन चालू, आणि फरशी वाळल्यावर पेडलं खाली. तोवर ते अंघोळीला. दुपारी ते डोळा लागून पडले होते, तेव्हा मी तापातच करून बघितलं. पेडलं भिंतीला टेकवून बटन चालू केलं, मग खाली ठेवून ब्रेक हातानं दाबला. अर्धी पट्टी. पेडलं खाली ठेवून बटन चालू केलं. पूर्ण पट्टी. करंट येतो तेव्हा पेडल जिथे असेल, तिथूनच ते यंत्र मोजायला सुरुवात करत होतं. विनोदभाऊला जे जमलं नाही ते मी दहा मिनिटांत शोधलं. हुशारच आहे मी.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नव्हता. मी उठले, बादली भरली, बटन बंद केलं, पेडलं उचलली — आणि भिंतीला टेकवली. नीट, घट्ट टेकवली.

पट्टी अर्ध्यावर थांबली. ते खूप वेळ दाबत राहिले. मग पाय काढला आणि गुडघा चोळत बसले. सोमवारपर्यंत मी रोज तेच केलं. सोमवारी ते कुणालाही भेटायला गेले नाहीत.

नातेवाईक म्हणाले, बरं झालं, बायकोचा जीव टांगणीला लागला असता. मी मान डोलावली. पण मला अपघाताची भीती नव्हती हो. मला नागपूरची भीती होती. साबणाच्या वासाची, मुक्कामाची, त्या क्लिपची. नवरा जपण्यासाठी नाही, नजरेखाली ठेवण्यासाठी मी त्याला लंगडा ठरवला. ते तसंच आहे.

आता ते एका पार्किंगमध्ये खुर्चीवर बसून पावत्या फाडतात. दुसऱ्यांच्या गाड्या मागे घ्यायला हातानं इशारे करतात. सेट विनोदभाऊला परत गेला. पुढच्याच रविवारी दुपारी जेवताना त्याचा फोन आला. स्पीकरवर होता.

"सुधाकर, पेडल तं एकदम बराबर हाय बे. काईच केलं नाई मी, तरी पट्टी पुरी भरून राह्यली."

मिस्टरांनी घास चावून संपवला. "असन," म्हणाले आणि वरण मागितलं.

तीन-चार दिवसांनी मी बादली घेऊन आले, तर ते अंघोळीला जाता जाता थांबले.

"तू पुसून घेजो. बटन मी बंद करतो."

त्या बोर्डावर आता टेबलफॅनशिवाय काही नाही. त्यांनी बटन बंद केलं, माझं पुसून होईपर्यंत दारात उभे राहिले आणि मग आपल्या हातानं चालू केलं. माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून रोज असंच.

त्यांना कळलंय का? की बायकोला करंट लागू नये, एवढीच काळजी आहे? मी त्यांच्या पाठीकडे बघून अंदाज बांधते. पाठीवरून काही कळत नाही. दहा वर्षं मी एका क्लिपच्या जोरावर प्रश्न विचारत राहिले. ते एकही विचारत नाहीत.

रोज साडेसहाला ते घरी येतात. शर्ट धुवायला टाकण्याआधी मी अजूनही खिसे बघते.