मंडईच्या आठवड्यातला सारस

टाकीजवाले मामाजी शुक्रवारी जेवत नसत. ते उपास करतात अशी मोहाडीतल्या बायकांची ठाम समजूत होती, आणि त्यामुळे त्यांच्याविषयी सगळ्यांना फार आदर होता. एका काकूंनी तर उद्यापनाला किती सवाष्णी सांगणार, असंही विचारून ठेवलं होतं. खरी गोष्ट निराळी होती. शुक्रवारी नवं पिक्चर लागायचं आणि पहिल्या शोचा इंटरव्हल होईपर्यंत मामाजींच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मामी डबा पाठवायच्या, तो ऑफिसातल्या टेबलावर निवत पडायचा. "जीव घशाशी येऊन बसला हाय, मंग पोळी कुठून जाईन?" असं ते बाबांना म्हणायचे. माझे बाबा टाकीजच्या सायकल स्टँडवर होते, म्हणून ही आतली बातमी आमच्या घरात होती.

मामाजी मूळचे बपेऱ्याचे. तरुणपणी मोहाडीत आले, आधी टाकीजमध्ये मशीन चालवायला राहिले आणि पुढे तीच टाकीज त्यांनी मालकाकडून घेतली. अंगानं काटकुळे, पांढरा सदरा, खिशात कंगवा, आणि चेहरा कायम दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. पब्लिक नसलं तर पब्लिक नाही म्हणून घोर, आणि टाकीज भरली तर लाइट जाईल म्हणून घोर. बाबा म्हणायचे, "मामाजीले एखाद्या दिवशी धास्ती नसली, त त्यायले त्याचीच धास्ती वाटते."

पिक्चर चालेल की नाही हे ते आठवडी बाजारात जाऊन ठरवायचे. विकत काही घ्यायचे नाहीत. हात मागे बांधून फिरायचे आणि लोकांच्या पिशव्यांत डोकावायचे. पिशवीत नुसतं मीठमिरची असेल तर तोंड पाडून परत यायचे. बांगड्या, रिबिनी, लहान मुलांच्या चपला दिसल्या की म्हणायचे, "पब्लिकचं मन मोकळं हाय, पिक्चर दोन हप्ते जाते." एकदा एका बाईनं त्यांना चोर समजून पिशवी छातीशी धरली होती. त्यांचा अंदाज बहुतेक वेळा चुकायचा, तरी बाजार त्यांनी कधी चुकवला नाही.

माझ्या आयुष्यातला पहिला चित्रकलेचा कागद मामाजींनी दिला. उतरलेल्या पोस्टरची मागची बाजू कोरी असते. ती सगळी पोस्टरं ते गुंडाळून बाबांबरोबर पाठवायचे. एका बाजूला हातात बंदूक घेतलेला हिरो, दुसऱ्या बाजूला माझी गाय, माझी पाण्यानं भरलेली बोडी, माझी आजी. पुढे मी पुण्याला ॲनिमेशन शिकायला निघाले तेव्हा नातेवाइकांनी "कार्टून काढून पोट भरते का?" असं विचारलं. मामाजींनी एकट्यांनीच धंद्याचा प्रश्न विचारला, "त्या कामात खर्च किती येते वो बाई?" मला उत्तर येत नव्हतं. पुढे हैदराबादच्या स्टुडिओत नोकरी लागली आणि चांगलंच कळलं.

आमचं पिक्चर एका सारसाचं होतं. हरवलेलं पिल्लू दिवाळीच्या आत बापाजवळ पोचतं, एवढीच गोष्ट. सुट्टीत लागायचं, घरातल्या सगळ्यांनी बघायचं. मी त्यात पिसं केली. दोन वर्षं फक्त पिसं. वाऱ्यानं हलणारी, पाण्यानं चिकटणारी, चिखलानं माखलेली. एका सेकंदाच्या उडण्यासाठी यंत्रं दिवसरात्र चालायची आणि सकाळी साहेब बघून म्हणायचे, परत करा. हे मामाजींना फोनवर सांगितलं तर त्यांनी 'किती वर्षं?' असं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "दोन वर्षात आमच्या इकडं धानाचे चार पीक निघतेत पोरी. अन् तुमचं एक पाखरू उडून नाही राहिलं?"

मग त्यांनी आणखी एक विचारलं. "पिल्लाची माय कुठं हाय?"

मी सांगितलं, गोष्टीत आई होती, पण एवढ्या पिसांचा आणखी एक मोठा पक्षी करायचा म्हणजे खर्च फार वाढतो. म्हणून ती काढून टाकली.

"एवढ्या खर्चात एक पाखरू नाही परवडत? सारस एकटा कधी पायला का तू? धानाच्या बांधीत जोडीनंच रायते तो." मला हसू आलं, आणि फोन ठेवल्यावर ते हसू पार उतरलं. आईला काढलं की सारसाची जोडी मोडते, हे आमच्या इतक्या मोठ्या स्टुडिओत कुणालाच सुचलं नव्हतं, आणि सारस पाहत वाढलेल्या मलाही नाही.

पिक्चर लागायच्या महिनाभर आधी स्टुडिओतली हवा बिघडली. पैसा इतका ओतला होता की नुसतं बरं चालून भागणार नव्हतं, धो धो चालायला हवं होतं. त्याच आठवड्यात दुसरी दोन मोठी पिक्चरं येत होती. कँटीनमध्ये लोक हळू आवाजात बोलत होते. नेमका त्याच दिवसांत मामाजींचा फोन आला. नागपूरचा वितरक ठोक रक्कम आधी मागत होता, मग पब्लिक येवो न येवो. शिवाय टाकीजचा पडदा जुना, डागाळलेला. "तू एवढे पिसं केले, ते त्या मळक्या पडद्यावर काय दिसतीन? नवा घेतो म्हणतो," असं म्हणून त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांग. चालन का?"

टाकीजची हालत मला माहीत होती. तिकडे आता आठवड्याला चार लोक यायचे आणि त्यातले दोन झोपायला. या पिक्चरवर मामाजी हातातलं शेवटचं लावत होते. "मला भीती वाटते, घेऊ नका," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "चालेल मामाजी. सुट्टीत पोरं दुसरीकडे जाणार कुठे?"

ही चूक मोहाडीच्या बाहेरच्या कुणी केली असती तर मी त्याला हसले असते. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. पाहुणे येतात, दुकानं लागतात, झुले येतात, नाचगाण्याची दंडार होते आणि रात्री नाटक. त्या दिवसांत फुकट दाखवलं तरी पिक्चरला कुणी येत नाही. माझं सगळं बालपण त्या झुल्यांवर गेलं, आणि पाच वर्षं शहरात राहून मी ते साफ विसरले.

पिक्चर लागलं त्या शुक्रवारी दुपारी मामाजींचा फोन आला. "फुल हाय," म्हणाले. "पोट्टे नुसते नाचून राहिले." मी स्टुडिओत सगळ्यांना पेढे वाटले. बाकी ठिकाणच्या बातम्या वाईट होत्या, पण मोहाडी फुल होती.

भाऊबीज झाल्यावर सुट्टी मिळाली. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उतरले तर नव्या साड्या, नवे फ्रॉक, डोक्याला तेल चोपडलेली पोरं, पाय ठेवायला जागा नाही. माझ्याजवळच्या बाईला विचारलं, एवढी गर्दी कसली? ती म्हणाली, "काहून, इकडची नाही का तू? आमच्या कारध्याले मंडई हाय आज." मग मोहाडीची टाकीज फुल कशी, असा विचार करतच मी पुढच्या बसमध्ये चढले. मोहाडीला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही.

टाकीजच्या सायकल स्टँडवर बाबा एकटेच बसले होते, समोर सहा सायकली. त्यांनी माझ्याकडे बघून नजर वळवली. आत नवा पांढराशुभ्र पडदा झळकत होता आणि त्यावर माझा सारस उडत होता, एकेक पीस मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. खाली पंधरावीस माणसं. मामाजी दाराशी उभे होते. मला पाहून एकदम म्हणाले, "आताच गर्दी गेली बाप्पा. तू थोडी उशिरा आली." मला रडू आलं, पण मीही मान हलवली.

रात्रीच्या नाटकाला आपण हरवू शकत नाही, पण सकाळ तर कुणाचीच नाही, असं दुसऱ्या दिवशी मामाजींच्या डोक्यात आलं. त्यांनी ऑटोवर भोंगा बांधला आणि ज्या ज्या गावी मंडई होती तिथं जाऊन स्वतःच ओरडत फिरले, "सकाळी आठचा शो, मंडई दुपारी हाय, सारस सकाळी हाय!" भोंग्यातूनसुद्धा त्यांचा आवाज घाबरलेलाच वाटायचा. तरी दोन ट्रॅक्टर भरून लोक आले. पोरं हसली, पिल्लू पाण्यात पडलं तेव्हा किंचाळली. पुढच्या रांगेतले एक म्हातारबा मात्र मधेच उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "अन् याची जोडी कुठं हाय? मेली का?" सगळी टाकीज हसली. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे तोंड केलं.

दोन ट्रॅक्टरांनी टाकीज वाचत नाही. पुढच्या गुरुवारी पिक्चर उतरलं, देशभरातही उतरलंच. मी परत निघाले त्या सकाळी मामाजी टाकीजच्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "मामाजी, मी खोटं बोलले होते. आमचं आम्हालाच माहीत होतं, चालणं कठीण आहे म्हणून. आणि मंडईचं तर मी विसरूनच गेले."

"मी बी त खोटं बोललो. फुल हाय म्हनलो."

"तुम्हाला मंडई आठवत होती ना?"

"मले? तीस वर्षं झाले, मंडईत मी टाकीजले कुलूप लावून सोता नाटक पायाले जातो."

"मग घेतलं कशाला?"

ते कंगवा काढून केस नीट करू लागले. "आता मोहाडीच्या पोरीचं पिक्चर, अन् मोहाडीच्या टाकीजले कुलूप? तुया बापानं कायची चिठ्ठी फाडली असती स्टँडवर?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "टाकीज जानारच होती बाई. कोन्या भंगार पिक्चरपायी जाण्यापेक्षा तुया सारसापायी गेली. बरं झालं." मला बरं वाटावं म्हणून ते बोलले हे मला कळत होतं. मला बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

होळीच्या आधी टाकीज बंद झाली. तिथं आता लग्नाचा हॉल आहे. बाबा घरी बसले आणि मामाजींना मुलानं नागपूरला नेलं. इकडे आमच्या स्टुडिओत पुढच्या सुट्टीचं पिक्चर अर्धं झालं असताना माणसं कमी केली, त्यात माझीही नोकरी गेली. मामाजींना मी हे सांगितलं नाही. त्यांच्या डोक्याला आधीच काय कमी घोर होते? मला दुसरीकडे काम मिळालं. जुन्या स्टुडिओचं ते पिक्चर पुढच्या दिवाळीत आलं आणि त्यानंतर पंधरा दिवसांत मामाजी गेले. मामींनी फोनवर सांगितलं, झोपेतच गेले. आयुष्यभर घाबरत जगलेल्या माणसाला निदान शेवटी घाबरावं लागलं नाही, याचंच मी समाधान मानून घेतलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचा शेवटचा फोन आला होता. आवाज फार खूश होता.

"पोरानं मॉलमधल्या टाकीजात नेलं होतं, तुया नव्या पिक्चरले. संपलं, अन् नावं सुरू झाले. पब्लिक उठून चाललं. सून म्हने, चला बाबा. मी म्हनलो, थांब, आमच्या मोहाडीची पोरगी येऊन राहिली. लाइट लागले, झाडूवाला आला. त्यालेही म्हनलो, बस गा दोन मिनिटं."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, आलं ना तुयं नाव! पायलं मी. एवढं बारीक काहून लिहितेत वो? अन् वर पळते बी किती."

मधेच कामावरून काढलेल्यांची नावं घालत नाहीत. त्या पिक्चरमध्ये माझं नाव नव्हतं.

मी म्हटलं, "हो मामाजी. बारीकच लिहितात."