खिशातलं विंडोज

पेठ गावात पहिला कॉम्प्युटर आणला तो फतेचंद मुथांनी. मुथांचं दुकान मूळचं कापडाचं. शेठ पुण्याला गेले तेव्हा घरच्यांना वाटलं, शिलाई मशीन आणायला गेलेत. आले ते दोन मोठी खोकी घेऊन. कापडाच्या गाठी एका भिंतीला सरकवल्या आणि उरलेल्या जागेत क्लास सुरू केला. त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी कॉम्प्युटरला परकराच्या कापडाचं कव्हर शिवलं. क्लासमध्ये चपला बाहेर काढून यायचं, आणि पहिला आठवडा फक्त मशीन चालू करायचं आणि नीट बंद करायचं.

पुढे पतपेढीतला कारकून, ग्रामपंचायतीचा ऑपरेटर, तळेघरहून डोंगर उतरून येणाऱ्या मुली, सगळे तिथेच शिकले. सगळ्या मशीनवर विंडोज. दुसरंही काही असतं हे शेठना माहीत होतं, परदेशात बर्फ पडतो हे माहीत असावं तसं.

त्यामुळे विंडोजचे फोन निघाले तेव्हा त्यांनी फार विचार केला नाही. दुकानाची मोबाईलची बाजू त्यांची सून रीना बघायची. ती म्हणाली, "पप्पा, गिऱ्हाईक अँड्रॉइड मागतंय."

"गिऱ्हाईक काय, मागतंच," शेठ म्हणाले. "जे टेबलावर आहे तेच खिशात येणार. लोकांना सवय आहे."

त्यांनी पुढचं अख्खं शोकेस विंडोजच्या फोनांनी भरलं. अँड्रॉइड मागे, चार्जरच्या खाली.

खोडदचा हौशीराम हा त्यांचा जुना विद्यार्थी. टोमॅटोचा बागायतदार. बहीण पेठला दिलेली, म्हणून येणं-जाणं असायचं. तो फोन घ्यायला आला तेव्हा शेठनी स्वतः काउंटरवर येऊन दाखवला.

"हौशीराम, यात एक्सेल आहे."

"लई भारी," हौशीराम म्हणाला. थोडं थांबून त्यानं विचारलं, "पण रानात त्याचं काय करायचं?"

"असू दे. आहे."

शेठ म्हणाले म्हणून हौशीरामनं घेतला. असे बरेच जण होते. फोन वाईट नव्हता. पडला तरी फुटत नव्हता, फोटो छान निघत. पण काही महिन्यांत कंपनीनं नवीन विंडोज काढलं आणि ते आधीच्या फोनांवर चालणार नाही असं जाहीर केलं. शेठनी ज्यांना ज्यांना फोन दिला होता ते एकेक करून विचारायला आले.

"कंपनी मोठी आहे," शेठ सांगत. "विचार करूनच केलं असणार."

हौशीरामनं त्यांच्याच शब्दावर पुन्हा नवा विंडोज फोन घेतला. काही वर्षांनी बऱ्याच फोनांच्या बाबतीत तेच पुन्हा झालं. या वेळी "विचार करूनच केलं असणार" असं शेठ म्हणाले नाहीत.

मग मोटरचं निघालं. हौशीरामनं विहिरीवर मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर बसवला. रात्री-अपरात्री लाइट आली की घरातूनच मोटर सुरू. फक्त त्याचं ॲप विंडोजच्या फोनसाठी नव्हतं. तो दुकानात आला.

"शेठ, मोटर बी नवी, फोन बी चांगला. दोघं बोलंनात."

शेठनी ॲप बनवणाऱ्यांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं की विंडोजवाले फार थोडे आहेत, तेवढ्यासाठी वेगळं बनवणं परवडत नाही. फोन ठेवून ते रीनाला म्हणाले, "ॲप नाही म्हणून लोक घेत नाहीत, आणि लोक घेत नाहीत म्हणून ॲप नाही. याला काय अर्थ आहे?"

"आठवडे बाजारासारखंच आहे, पप्पा. मंचरचा बाजार आधीच भरलाय. त्याच दिवशी आपण पेठला दुसरा भरवला, तर भाजीवाले इकडे कशाला येतील?"

"पण आपली जागा चांगली आहे."

"जागा चांगलीच आहे," रीना म्हणाली. "कॉम्प्युटरवर त्यांना कधी कुणाला काय हवं ते विचारावं लागलं नाही. म्हणून इथंही विचारलं नाही. आणि फोनमध्ये आले तेव्हा उशीर झाला होता."

ती हे कंपनीबद्दल बोलत होती. शेठ मात्र बराच वेळ त्या परकराच्या कव्हरची घडी घालत बसले.

२०१९ संपता संपता बातमी आली की विंडोजच्या फोनांवरचं व्हॉट्सॲप वर्षाअखेर बंद होणार. लोकांचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, सगळं त्यात. शेठनी ठरवलं, आपल्या शब्दावर ज्यांनी फोन घेतला त्यांच्या घरी जायचं आणि सगळं नीट दुसरीकडे काढून द्यायचं. अडचण एवढीच की अँड्रॉइड त्यांना येत नव्हतं. मग चपला बाहेर काढून ते आपल्याच क्लासच्या बाकावर बसले आणि रीनानं शिकवलं. मंगलाबाई दारातून बघून गेल्या. चहा आणला तो रीनाला आधी दिला.

स्कूटरवरून ते खोडदला पोचले तेव्हा हौशीराम रानात होता. त्याची बायको साळुबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. शेठनी येण्याचं कारण सांगितलं.

"त्यो फोन व्हय," साळुबाई म्हणाली. "त्यात काय बी न्हाई. त्यो फकस्त पेठला जाताना खिशात असतो."

"म्हणजे?"

"दुसरा घिऊन दोन वरसं झाली की. हे म्हनायचे, शेठला वाईट वाटंल."

तेवढ्यात हौशीराम आला. बायकोकडे बघितलं, शेठकडे बघितलं, आणि त्याला सगळं समजलं. तो पायरीवर बसून पायाचा चिखल काढू लागला. चिखल निघाला तरी काढत राहिला.

"आणखी कोण कोण असं करतं?" शेठनी विचारलं.

"समदेच की, शेठ. आमचं ठरल्यालंच व्हतं."

शेठना राग आला असता तर बरं झालं असतं, असं ते नंतर मंगलाबाईंना म्हणाले. तिथे मात्र ते एवढंच म्हणाले, "मोटर दाखव."

हौशीरामनं सदऱ्याच्या आतल्या खिशातून दुसरा फोन काढला आणि बोट दाबलं. लांब विहिरीकडे मोटर घुरघुरली. थोड्या वेळानं समोरच्या सरीत पाणी आलं. शेठ उठून सरीपर्यंत गेले, पाण्यात हात घातला, परत आले.

"मी दाबू?"

"दाबा की, राव. पन आता बंद करायचं बटन दाबा."

हल्ली शोकेसची मांडणी रीना करते. क्लास अजून चालतो, टेबलावर अजून विंडोजच. कुणी फोनबद्दल विचारायला आलं, की शेठ कुठला चांगला हे सांगत नाहीत. आधी विचारतात, "तुमच्या घरात, शेजारी कुणाकडे कुठला आहे?" परवा एका पाहुण्यानं वैतागून म्हटलं, "अवो शेठ, मी तुमाला इचारतोय." शेठनी त्याला स्टूल दिलं आणि रीनाला हाक मारली.